सुकेळी, सातूचं पीठ आणि लवंगी फटाका: व्हिस्कीची चव आपल्या शब्दांत

प्रश्न थोडक्यात असा आहे. दादरचे सहा मित्र महिन्यातल्या एका शनिवारी जमतात. दर वेळी एकजण बाटली आणतो, सगळे थोडी थोडी चाखतात आणि आपापली नोंद वहीत लिहितात. विचारणाऱ्याची अडचण ही की बाकीचे पाच जण ‘हेदर, मार्झिपॅन, प्लम पुडिंग’ असं भराभर लिहून मोकळे होतात आणि याला मात्र नुसता दारूचा वास येतो. फार तर ‘गोडसर’ आणि ‘धूर’ एवढंच सुचतं. आपलं नाक मंद आहे का, पाणी घालावं की नाही, आणि भारतीय सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या सातूपासून केलेली व्हिस्की) स्कॉचच्या शेजारी ठेवून चाखावी का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

तुमचं नाक ठीक आहे. हे मी धीर द्यायला म्हणत नाही. सव्वीस वर्षं मी मुलुंडच्या एका प्रयोगशाळेत खाद्यपदार्थांचे सुगंध बनवले: बिस्किटातलं लोणी, सरबतातला आंबा, खोकल्याच्या औषधातली चेरी. गेली अठरा वर्षं पार्ल्याला आमच्या घरी व्हिस्की चाखायची बैठक भरते. ‘मला काही कळत नाही’ म्हणणारं कुणी ना कुणी प्रत्येक बैठकीत असतंच. त्यांच्याशी पाच मिनिटं बोललं की लक्षात येतं, वास त्यांच्यापर्यंत नीट पोचलेला असतो. तो घराच्या दारात उभा असतो, पण त्याला कोणत्या नावाने हाक मारायची हे ठाऊक नसतं.

आमच्या धंद्यात नव्या माणसाला सुरुवातीचे काही महिने काहीच बनवू देत नाहीत. रोज सकाळी दहा-बारा कागदी पट्ट्या हुंगायला देतात आणि प्रत्येक पट्टीसमोर काय आठवलं ते लिहायला लावतात. मला दिलेल्या पहिल्या पट्ट्यांमध्ये आयसोअमाइल ॲसिटेट होतं. बहुतेकांनी ‘केळं’ लिहिलं. वसईच्या एका मुलीने लिहिलं, ‘माजघरात पिकायला टांगलेला केळ्यांचा लोंगर’. राजापूरकडच्या एकाने लिहिलं, ‘बरका फणस फोडल्यावर’. शिकवणाऱ्या बाईंनी तिन्ही उत्तरं बरोबर धरली, कारण फणसाच्या वासातही त्याच कुळातली द्रव्यं असतात. मात्र ज्याने ‘फ्रूटी’ लिहिलं होतं त्याला त्यांनी पट्टी परत हुंगायला लावली. तो धडा मी व्हिस्कीच्या बैठकीत रोज वापरते. हेच आयसोअमाइल ॲसिटेट व्हिस्कीतही असतं. सातूचा गोड रस आंबवताना यीस्ट ते तयार करतं आणि भट्टीतून ते मद्याबरोबर वर येतं. ग्लेनलिव्हेट १२ किंवा ग्लेनफिडिक १२ मध्ये (नावापुढचा आकडा पिंपातल्या वर्षांचा) जो फळांचा वास पुढे येतो, तो बराचसा अशाच द्रव्यांचा असतो.

आता तुमच्या मित्रांचा ‘हेदर’ घ्या. हेदर म्हणजे स्कॉटलंडच्या माळरानावर फुलणारं जांभळ्या फुलांचं झुडूप. तुमच्यापैकी कितींनी ते हातात धरून हुंगलंय? मार्झिपॅन म्हणजे बदामाची वडी. ती तरी मुंबईतल्या ख्रिसमसमुळे काहींना माहीत असते. प्लम पुडिंगची, म्हणजे सुकामेवा घालून वाफवलेल्या त्यांच्या ख्रिसमसच्या गोडाची, आठवण मात्र आपल्याकडे फार थोड्यांजवळ आहे. स्कॉटलंडचा माणूस हे शब्द लिहितो ते खरं लिहितो, कारण त्याच्या आजीच्या स्वयंपाकघरात ते शिजत होतं. आपण तेच शब्द उचलतो तेव्हा चवीचं वर्णन बाजूला राहतं आणि त्याच्या आजीच्या स्वयंपाकघराचं वर्णन होतं. तुम्हाला काही सुचत नाही याचं कारण एवढंच, की तुम्ही उधारीचा शब्द लिहायला तयार नाही. माझ्या मते तुमच्या गटात सर्वांत प्रामाणिक वही तुमची आहे.

मग आपल्याकडे काय आहे? पुष्कळ आहे, आणि त्यातलं बरंच त्या पुडिंगपेक्षा नेमकं आहे.

माल्टपासून सुरुवात करू. सातू म्हणजे बार्ली भिजवायची, मोड आणायचे आणि सुकवायचे, याला माल्टिंग म्हणतात. घरी लहान मुलांसाठी नाचणीचं सत्त्व करतात त्याचा पहिला अर्धा भाग हाच. म्हणून साध्या, धूर नसलेल्या माल्ट व्हिस्कीत ग्लास थोडा वेळ ठेवल्यावर जो कोरडा, पिठूळ, गोडसर वास येतो, त्याला मी सातूचं पीठ म्हणते. डब्याचं झाकण उघडल्यावर येतो तो. कुणाला त्यात भाजलेले पोहे जाणवतात, तेही चालेल.

पिंपाचा वास हा दुसरा मोठा प्रांत. स्कॉच किमान ३ वर्षं ओकच्या पिंपात राहावी लागते आणि पिंप ७०० लिटरपेक्षा मोठं चालत नाही, असा कायदा आहे. यातली बहुतेक पिंपं अमेरिकेतून येतात. बर्बनला, म्हणजे तिथल्या मक्याच्या व्हिस्कीला, नवीन, आतून जाळलेलं पिंप लागतं, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं तिथून स्कॉटलंडला जातात. अमेरिकन ओकच्या लाकडात लॅक्टोन नावाची द्रव्यं असतात, त्यांचा वास थेट ओल्या नारळाचा. पुस्तकात ‘कोकोनट’ एवढंच लिहितात. पण मराठी घरात नारळ एकाच वासाचा नसतो. खवलेला नारळ वेगळा, नारळीपाकाची वडी थापताना येणारा वास वेगळा, वाटणासाठी गॅसवर भाजलेली खोबऱ्याची वाटी वेगळी आणि जुन्या खोबऱ्याचा खवट वास आणखी वेगळा. ग्लेनमोरांजी ओरिजिनलमध्ये मला नारळीपाक मिळतो. बर्बनमध्ये त्याच्या जोडीला नव्या फर्निचरचं पॉलिश मिळतं. बर्बनच्या पिंपात मुरलेल्या, उन्हाळी हवेतल्या व्हिस्कीत वसईची सुकेळी मिळते, म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात सुकवलेली, मधासारखी चिकट. हा शब्द मला दुसऱ्या कुठल्याच भाषेत सापडलेला नाही आणि त्या चवीला तोच लागतो.

शेरीच्या, म्हणजे स्पेनमधल्या एका कडक वाइनच्या, पिंपातली व्हिस्की, उदाहरणार्थ ग्लेनड्रॉनाख १२, चाखताना मनुका आणि खजूर सगळेच लिहितात. त्याच्या पुढे जा. काळा खजूर की पिवळा? काकवीचा गोडवा आहे की गुळाच्या ढेपेचा? आंबटपणा असेल तर तो आमसुलाचा की चिंचेचा? मला तरी त्यात बहुधा आमसूल मिळतं. काही शेरी पिंपांच्या व्हिस्कीत गंधकाचा एक वास असतो. पिंपं किडू नयेत म्हणून त्यांत गंधक जाळायची पद्धत आहे, त्याचा हा अंश. लोक त्याला जळलेली काडी म्हणतात. आमच्या बैठकीत एका बारा वर्षांच्या मुलाने (तो फक्त हुंगत होता, घरच्या टेबलाशी बसून) सांगितलं, ‘लवंगी फटाका फुटल्यावर येतो तो.’ त्या दिवसापासून आमच्या वहीत तो वास लवंगी फटाका याच नावाने आहे आणि सगळ्यांना एका झटक्यात कळतो.

धुराबद्दल जरा सावकाश बोलायला हवं, कारण तुम्ही ‘धूर’ लिहून थांबता आणि खरी गंमत तिथून पुढे आहे. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचून अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. मोड आलेले सातू सुकवताना तो जाळला की त्याच्या धुरातली फिनॉल जातीची द्रव्यं दाण्याला चिकटतात आणि शेवटपर्यंत टिकतात. त्यातलं ग्वायाकॉल म्हणजे लाकडाची धुरी, आणि क्रेसॉल म्हणजे डांबर, दवाखाना. दोन्हींचं प्रमाण प्रत्येक डिस्टिलरीत वेगळं, म्हणून धूरही वेगळा. लागाव्हुलिन १६ मध्ये मला होळी विझल्यावर दुसऱ्या दिवशीची राख येते, त्यात पोळी जळल्याचा गोडवा असतो. आर्डबेग १० मध्ये धूर तीक्ष्ण असतो आणि त्यात लिंबाच्या सालीचा फवारा असतो. लाफ्रोइग १० म्हणजे आयोडेक्सची काचेची जुनी बाटली.

याच लाफ्रोइगवरून आमच्या बैठकीत एकदा जोराचा वाद झाला. वरळी कोळीवाड्यातली आमची एक मैत्रीण नेहमी गप्प बसून लिहायची. तिने वाचून दाखवलं: ‘पावसाच्या आधी सुके बोंबील भरून ठेवायचा पत्र्याचा डबा, रिकामा झाल्यावर.’ दोघा-तिघांना ते फार लागलं. एवढ्या महागाच्या स्कॉचला सुकटीचा वास म्हणता, असा सूर निघाला. मी ग्लास परत उचलला. मीठ, उन्हात सुकलेला समुद्र, लोखंडाचा किंचित स्पर्श, आणि या सगळ्याला धरून असलेला तो औषधी कडवटपणा. अठरा वर्षांत आमच्या वहीत याहून चांगली नोंद झालेली नाही. बोंबलाचा डबा हा शब्द हलका वाटतो आणि ‘मेरिटाइम’ (समुद्री) शब्द भारी वाटतो, यात व्हिस्कीचा काहीच संबंध नाही. त्या मैत्रिणीला कुणीतरी गप्प केलं असतं तर आमची बैठक तिथेच संपली असती, असं मला अजून वाटतं.

एक अट मात्र आहे. आपला शब्द आपल्या गटालाही कळला पाहिजे, नाहीतर नोंद ही खासगी डायरी होते. त्यासाठी प्रयोगशाळेतली एक सवय तुमच्या घरी आणा. पुढच्या बैठकीला टेबलावर सहा छोट्या वाट्या ठेवा: सातूचं पीठ, भाजलेलं खोबरं, आमसूल, काकवी, दगडफूल, आणि विझवलेल्या कोळशाचा तुकडा. सगळं लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत नि दादरच्या वाण्याकडे मिळून जातं. चाखायला बसायच्या आधी प्रत्येकाने डोळे मिटून सगळ्या वाट्या हुंगायच्या. दगडफुलाचा तो ओला, मातकट, जुन्या झाडाच्या सालीचा वास एकदा नाकात बसला, की पुष्कळ जुन्या व्हिस्कीत तो तुम्हाला आपोआप भेटायला लागेल.

आता तुमच्या मित्रांच्या वह्यांकडे येते. ते खोटं लिहितात असं मी म्हणत नाही. ते बाटलीमागचं वाचतात आणि मग खरोखरच त्यांना तसं जाणवतं. २००१ साली फ्रान्समधल्या बोर्दो इथे एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून ती ५४ जणांना दिली, आणि ते सगळे वाइनशास्त्र शिकणारे होते. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनसाठी वापरायच्या शब्दांत केलं. डोळ्याने नाकाला आधीच सांगून ठेवलं होतं. व्हिस्कीत हा धोका जास्त, कारण स्कॉचमध्ये कॅरमेलचा रंग घालायला कायद्याने परवानगी आहे. गडद रंग बघून ‘जुनी, शेरीतली’ असं लिहिणारे रंगालाच चाखत असतात.

म्हणून बाटली आणणाऱ्याने ती वर्तमानपत्रात गुंडाळून आणावी. ओतण्याचं काम त्यानेच करावं. पहिली दहा मिनिटं कुणी एक अक्षर बोलायचं नाही, अगदी ‘वा’ सुद्धा नाही. ‘वा’ म्हणणारा माणूस सर्वांत मोठा असेल तर खोलीतल्या सगळ्या वह्या तिथेच संपतात. दहा मिनिटांनी एकेकाने वाचून दाखवायचं, आणि ज्याला बोलायला सर्वांत जास्त संकोच वाटतो त्याने आधी. तुमच्या गटात तो मान तुमचा.

मुंबईच्या घरांचे काही खास त्रास आहेत आणि परदेशी सल्ल्यात ते सापडत नाहीत. पहिला त्रास ग्लासचा. चांगले ग्लास शोकेसमध्ये असतात, शोकेस प्लायवुडचं असतं, आणि पावसाळ्यात त्यात डांबरगोळ्या ठेवलेल्या असतात. काच हे वास धरून ठेवते. ओतण्याच्या आधी रिकामा ग्लास हुंगा, नुसत्या गरम पाण्याने धुवा आणि उघड्यावर सुकू द्या. फडक्याने पुसू नका. ग्लासचा आकार खाली फुगीर आणि वर निमुळता हवा. ग्लेनकेर्न नावाचा ग्लास २००१ पासून मिळतो आणि तो याच कामासाठी बनवला आहे. तो नसेल तर लहान वाइन ग्लास चालेल. रुंद तोंडाचा जड व्हिस्की ग्लास दिसायला छान, पण त्यातून वास गोळा होत नाही.

दुसरा त्रास उकाड्याचा. एप्रिलमध्ये खोलीत ३२ अंश असताना मद्यार्क वेगाने उडतो आणि नाकाला फक्त झोंबतो. तुम्हाला ‘दारूचाच वास’ येतो त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं. झोंबणं हा वास नसतो. मिरची डोळ्याला लागते त्या जातीचा तो इशारा असतो, वेगळ्या नसेने मेंदूकडे जाणारा, आणि तो चालू असेपर्यंत वास मागे दबून राहतात. एसी लावा, खोली बावीस-तेवीस अंशांवर आणा आणि मग एसी मंद करा, पंखा बंद ठेवा. ओतलेला ग्लास दहा मिनिटं तसाच राहू द्या. नाक ग्लासात खुपसू नका. ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि सावकाश वर आणा. जिथे झोंबायला लागेल त्याच्या एक बोट आधी थांबा. तुमची जागा तीच.

तिसरा त्रास आजूबाजूच्या वासांचा. आमच्या तिसऱ्या की चौथ्या बैठकीला सगळ्यांनी एकमुखाने ‘चंदन’ लिहिलं आणि आम्ही खूश झालो. नंतर लक्षात आलं, दिवेलागणीची उदबत्ती शेजारच्या खोलीत जळत होती. ती वही मी फाडून टाकलेली नाही, नव्या माणसाला पहिल्यांदा तीच दाखवते. त्यानंतर आम्ही दुपारी साडेचारला बसायला लागलो. त्या वेळी शेजाऱ्यांची फोडणी नसते आणि पोटही अगदी भरलेलं नसतं. चखणा शेवटी. मसाला शेंगदाणे आणि चकली समोर ठेवून चाखायला बसलात तर हिंग-तिखटापुढे कुठलाही ओक टिकणार नाही. मधल्या वेळात साधा पाव किंवा नुसते पोहे ठेवा. नाक थकलं तर स्वतःच्या कोपराची त्वचा हुंगा. आपला वास नाकाला सवयीचा असतो, त्यामुळे ते पूर्वपदावर येतं.

पाणी घालायचं, आणि न लाजता घालायचं. ‘खरा दर्दी नीटच, म्हणजे पाण्याशिवायच पितो’ या बोलण्यात दर्दीपणा कमी आणि फुशारकी जास्त असते. २०१७ साली स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकावर रेणूंचं प्रारूप मांडून दाखवलं, की मद्यार्काचं प्रमाण ४५ टक्क्यांपर्यंत असतं तेव्हा ग्वायाकॉल द्रवाच्या पृष्ठभागाकडे, म्हणजे हवेकडे राहतं. प्रमाण बरंच वाढलं की ते मद्यार्काच्या रेणूंनी वेढलं जाऊन आत ओढलं जातं. म्हणजे पाणी घातल्यावर धुराचा वास वर येतो, हा अनेकांचा अनुभव निराधार नाही. पण पहिला वास आणि पहिला घोट पाण्याशिवाय घ्या, तो लिहून ठेवा आणि मगच पाणी घाला. गणित सोपं आहे. २० मिलि व्हिस्की ४६ टक्क्यांची असेल तर ३ मिलि पाण्याने ती ४० वर येते. ५० टक्क्यांची असेल तर ५ मिलि लागतात. औषधाच्या दुकानातली सुई नसलेली सिरिंज वापरा, चमच्याने अंदाज चुकतो.

पाणी कुठलं, हे आपल्या शहरात महत्त्वाचं आहे. तानसा-वैतरण्याचं पाणी जड नाही, व्हिस्कीला चांगलंच. अडचण क्लोरीनची. क्लोरीन आणि पीटची फिनॉलं एकत्र आली की एक ओंगळ दवाखानी चव येते आणि तुम्ही ती डिस्टिलरीच्या नावावर लिहाल. पाणी उकळा, उघडं ठेवून गार करा. माठातलं घेऊ नका, त्याचा मातीचा वास कितीही आवडत असला तरी. बर्फ मात्र या बैठकीत नको, कारण गार झालेल्या व्हिस्कीतून वासच निघत नाही. एरवी, पावसात गॅलरीत बसून, बर्फ घालून प्या. मीही पिते.

टक्केवारीवरून आणखी एक. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच स्कॉचवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं आणि विमानतळावरून आणलेल्या त्याच नावाच्या बाटलीवर ४०. दोन मित्रांचं जॉनी वॉकर ब्लॅक लेबलबद्दल पटत नसेल तर आधी दोघांच्या बाटल्या पालथ्या करून लेबल वाचा. नोंदीत म्हणूनच टक्के, बाटली उघडून किती दिवस झाले आणि ती किती शिल्लक आहे, हे आधी लिहायचं. अर्ध्याहून खाली गेलेली बाटली महिन्यागणिक बदलत जाते. बाटली उभीच ठेवा, आडवी नको. चाळीस टक्क्यांचं मद्य बुचाला खातं.

गुण देण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते: देऊ नका. शंभरपैकी ८७ आणि ८९ यांतला फरक कुणालाही समजावून सांगता येत नाही. त्याऐवजी नोंद अशी लिहा. ही माझी गेल्या पावसाळ्यातली, टॅलिस्कर १० ची, ४५.८ टक्के, बाटली उघडून तीन आठवडे: ‘आधी धूर, पण लांबचा, पलीकडच्या वाडीत कुणीतरी पाला जाळतंय तसा. पाच मिनिटांनी नाशपाती, किंचित कच्ची. मग किनाऱ्यावर वाळत घातलेली जाळी. तोंडात गोड सुरुवात, उसाच्या रसाची, आणि गिळताना काळी मिरी एकदम घशाच्या मागे. दोन थेंब पाण्याने जाळी गेली आणि जवसाची चटणी आली. मिरी तोंडात सात-आठ मिनिटं राहिली. आवडली. लागाव्हुलिनपेक्षा हिची संगत हलकी वाटते.’ यात चुका असतील. पण सहा महिन्यांनी ही नोंद वाचली की तो ग्लास मला परत मिळतो. ‘स्मोकी, फ्रूटी, लाँग फिनिश’ वाचून कुठलाच ग्लास परत मिळत नाही.

प्रदेशाच्या नावांवर फार विसंबू नका. स्कॉटलंडचं आयला बेट म्हणजे धूर असं सगळे पाठ करतात, पण बुनाहाव्हन ही डिस्टिलरी त्याच बेटावरची आणि तिची नेहमीची व्हिस्की जवळजवळ धुराविना असते. डिस्टिलरी, पिंप आणि टक्के, एवढंच बघा.

आता भारतीय माल्ट. जरूर शेजारी ठेवा, फक्त वयाच्या रांगेत उभी करू नका. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातली व्हिस्की वर्षाला साधारण २ टक्के उडून जाते. बंगळुरूला अमृत या डिस्टिलरीच्या गोदामात हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त असतं. तिथे बारा वर्षं ठेवली तर पिंपात फारसं काही उरणारच नाही. उष्णतेत लाकूडही भराभर आपलं देणं देऊन टाकतं. त्यामुळे चार-पाच वर्षांची भारतीय माल्ट स्कॉटलंडच्या दुप्पट-तिप्पट वयाच्या बाटलीइतकी लाकूडमय लागू शकते. पण ती तशीच लागत नाही, हे लक्षात ठेवा. लाकूड लवकर येतं, बाकीचे काही बदल मात्र वेळ घेऊनच होतात. म्हणून भारतीय माल्टमध्ये मसाला आणि गोडवा ठळक असतो, आणि जुन्या स्कॉचमधला तो दगडफुलाचा शांत वास क्वचित मिळतो. हा दोष मानायचं कारण नाही. आपलं सातूही वेगळं, सहा ओळींच्या कणसाचं. तिकडे दोन ओळींचं वापरतात. त्यानेही पोत बदलतो.

अमृतने आपली सिंगल माल्ट २००४ साली आधी ग्लासगोत विकायला ठेवली, कारण भारतात तेव्हा देशी माल्टवर कुणी विश्वास ठेवला नसता. आज परिस्थिती वेगळी आहे. तुमच्या गटासाठी मी दोन जोड्या सुचवते, दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळून. पहिली, ग्लेनमोरांजी ओरिजिनल आणि गोव्याच्या पॉल जॉनची ब्रिलियन्स: दोन्ही धुराविना, दोन्ही बर्बनच्या पिंपातल्या. इथे नारळीपाक आणि सुकेळी यांतला फरक जिभेवर कळतो. दुसरी, टॅलिस्कर १० आणि अमृत फ्यूजन. फ्यूजनमध्ये भारतीय सातूबरोबर स्कॉटलंडचे पीटवर सुकवलेले सातू असतात आणि ती ५० टक्क्यांची आहे, तेव्हा तिला आधी पाण्याने ४५ च्या जवळ आणा, म्हणजे १५ मिलिला साधारण दीड मिलि. नाहीतर नुसती ताकद जिंकते. हलकी जोडी आधी, धुराची नंतर. चार ग्लास, प्रत्येकी १५ मिलि, याच्या पलीकडे जाऊ नका. पाचव्या ग्लासला जीभ खोटं बोलते. थुंकायला एक पातेलं ठेवा, त्यात कमीपणा नाही. प्रयोगशाळेत आम्ही सगळं थुंकत असू.

खर्चाचं म्हणाल तर सहा जणांत वाटून घेता तेच उत्तम. २४ जुलै २०२५ ला झालेल्या भारत-ब्रिटन करारात स्कॉचवरचं आयातशुल्क १५० वरून ७५ टक्के आणि पुढे दहा वर्षांत ४० टक्क्यांपर्यंत आणायचं ठरलं आहे. परदेशातून येणाऱ्या माणसाला २ लिटर आणता येतात, हे नातेवाईकांना सांगून ठेवा. आपल्या राज्यात पंचवीस वर्षं पूर्ण आणि परवाना, दोन्ही लागतात. परवाना काढून ठेवा, काम सोपं आहे. घरी लोकलने किंवा टॅक्सीने जा.

आणि बैठक उठल्यावर ग्लास धुवायची घाई करू नका. बाटलीच्या नावाची चिठ्ठी खाली ठेवून चारही ग्लास तसेच टेबलावर राहू द्या. रविवारी सकाळी, चहाच्या आधी, ते एकेक करून हुंगा. तोपर्यंत मद्यार्क उडून गेलेला असतो, झोंबायला काही उरलेलं नसतं. टॅलिस्करच्या ग्लासात चुलीची राख असते. ग्लेनमोरांजीच्या ग्लासात सातूचं पीठ. ब्रिलियन्सच्या ग्लासात मला एकदा सोनचाफ्याची सुकलेली पाकळी मिळाली होती, आदल्या रात्री तिचा मागमूसही नव्हता. वहीत एक ओळ त्यासाठी मोकळी सोडा.